डेटाबेसच्या बॅकअप-प्रतीतील स्पष्टीकरणात्मक टिपा : स्वरूप, स्थान आणि टिकाऊपणा

भाषाविषयक संशोधनाची साधनसामग्री आता बहुतांशी डेटाबेसच्या रूपाने सांभाळली जाते. बोलींची शब्दसंपदा, ध्वनिमुद्रणांच्या सूची, हस्तलिखितांच्या नोंदी, प्रबंधासाठी जमविलेली प्रश्नावलींची उत्तरे, हे सर्व सारण्यांत विभागून संगणकावर ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा डेटाबेसची वेळोवेळी बॅकअप-प्रत काढून ती निराळ्या ठिकाणी ठेवण्याची दक्षताही बहुतेक अभ्यासक घेतात. परंतु ही प्रत नेमके काय जतन करते आणि काय जतन करीत नाही, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : बॅकअप-प्रत सामग्रीतील अक्षरे जपते. त्या अक्षरांचा अर्थही जपावयाचा असेल, तर अर्थ सांगणारी टीप अशा जागी लिहिली पाहिजे की जेथून ती प्रत्येक प्रतीबरोबर आपोआप बाहेर पडेल आणि प्रत पुन्हा डेटाबेसमध्ये भरली असताना तिच्याबरोबर परत येईल. टिपेचे सर्व प्रकार ही कसोटी उतरत नाहीत. कोणता प्रकार कोठपर्यंत टिकतो, हे पाहणे हा या लेखाचा विषय होय.

१. बॅकअप-प्रत : एक संहिता

डेटाबेसची जी प्रत निर्यात केली जाते, तिला व्यवहारात 'डम्प' असे म्हणतात. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल या दोन्ही सर्वपरिचित प्रणालींसाठी डम्प काढण्याची स्वतंत्र उपकरणे आहेत. पहिलीच्या उपकरणाचे नाव 'पीजी-डम्प' आणि दुसरीच्या उपकरणाचे 'मायएसक्यूएल-डम्प'. त्यांनी काढलेली साधी डम्प-फाइल ही वस्तुतः एक वाचनीय संहिता असते. तिच्यात एसक्यूएल या भाषेतील आज्ञार्थी वाक्ये क्रमाने लिहिलेली असतात : अमुक नावाची सारणी तयार कर, तिला अमुक स्तंभ दे, तिच्यात अमुक ओळी भर. कोऱ्या डेटाबेसपुढे ही संहिता वाचली की मूळ डेटाबेस पुन्हा उभा राहतो.

या संहितेत सारण्यांची आणि स्तंभांची नावे येतात, पण नावे म्हणजे व्याख्या नव्हेत. शिवाय नावांना लांबीची मर्यादा असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कोणतेही नाव साधारणपणे ६३ बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि मात्रा व हलन्तचिन्ह ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. म्हणजे देवनागरीत स्तंभाचे नाव ठेवू गेल्यास २१ चिन्हांतच ते संपवावे लागते. रोमन लिपीत नाव ठेवणारेही टंकनाचे श्रम वाचविण्यासाठी ते तोडूनमोडून दोन-चार अक्षरांवर आणतात. अशा संक्षेपाचा अर्थ, तो करणाऱ्याच्या स्मरणात असेल तोपर्यंतच उपलब्ध असतो.

२. अर्थ कोठे हरवतो

एक कल्पित उदाहरण घेऊ. 'शब्दनोंद' नावाची एक सारणी आहे. तिच्यात गाव, निवेदक, संकल्पना, प्रतिसाद, लिंग आणि दर्जा असे सहा स्तंभ आहेत. संशोधकाने गावोगाव हिंडून ठराविक संकल्पनांसाठी त्या त्या बोलीत कोणता शब्द आहे, हे विचारले आणि मिळालेले उत्तर 'प्रतिसाद' या स्तंभात नोंदविले. दहा वर्षांनंतर दुसऱ्या संशोधकापुढे फक्त या सारणीची बॅकअप-प्रत आहे. त्याच्यापुढे निदान तीन अडचणी उभ्या राहतील.

पहिली अडचण रिक्त घरांची. 'प्रतिसाद' स्तंभातील काही घरे रिक्त आहेत. त्या गावी तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, की विचारूनही निवेदकाला शब्द सुचला नाही, की शब्द मिळाला पण ध्वनिमुद्रण अस्पष्ट असल्याने लिहिता आला नाही? या तीन शक्यतांतील भेद किरकोळ नाही. एखादा शब्द कोणत्या प्रदेशात प्रचलित आहे, याची सीमारेषा नकाशावर काढताना 'विचारले, पण आढळला नाही' हा पुरावा आहे. 'विचारलेच नाही' हा पुराव्याचा अभाव आहे. दोहोंची गल्लत झाली तर नकाशावर एक खोटी सीमारेषा उमटते आणि ती खोटी आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन सामग्रीत उरत नाही.

दुसरी अडचण संकेतांकांची. 'दर्जा' या स्तंभात १, २, ३ आणि ९ असे आकडे आहेत. १ हा श्रेष्ठ की ३? ९ ही चौथी पायरी आहे, की 'माहीत नाही' यासाठी योजलेली खूण आहे? या आकड्यांची सरासरी काढण्याचा मोह एखाद्याला झाला, तर संगणक ती निमूटपणे काढून देईल. भाषांच्या संकेतांकांतही हीच अडचण येते. आयएसओ ६३९-३ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात 'के-ओ-के' हा संकेत कोकणी या व्यापक भाषेचा आहे आणि तिच्याखाली 'जी-ओ-एम' हा गोव्यातील कोकणीचा, तर 'के-एन-एन' हा आणखी एका कोकणीचा असे निराळे संकेत आहेत. सारणीत नुसते 'के-ओ-के' आढळले, तर नोंद करणाऱ्याला व्यापक भाषा अभिप्रेत होती की त्याला पुढील भेदांची कल्पनाच नव्हती, हे कळत नाही.

तिसरी अडचण लेखनाची, आणि ती मराठीच्या अभ्यासकाला विशेष जवळची आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी' या शब्दाचे अनेकवचन. हा अर्थभेद केवळ रफार आणि अर्धा र यांच्या भेदावर उभा आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो : एक, नुक्तायुक्त ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्तचिन्ह जोडून, आणि दोन, साध्या र ला हलन्तचिन्ह व त्यापुढे शून्यरुंदीचा संयोजक हे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे शब्द असतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एकरूप करीत नाही. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या सामग्रीतून एखाद्या आज्ञावलीने अदृश्य चिन्हे 'स्वच्छतेसाठी' काढून टाकली, तर सर्व दऱ्यांचा दर्या होतो! 'ॲ' या अक्षराचेही असेच आहे. त्याला स्वतंत्र संकेतस्थान २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या सामग्रीत ते 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले आढळते. कोणत्या सामग्रीत कोणती रीत पाळली आहे, हे टिपेवाचून दृष्टीस पडत नाही.

३. पूर्वसूरींची पद्धत

सामग्रीसोबत तिची ओळख बांधून ठेवण्याची गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालचा आहे. त्यातील कोणताही नमुना उघडून पाहावा. नमुन्याच्या माथ्यावर भाषाकुल, गट, भाषा, बोली आणि जिल्हा यांचा निर्देश केलेला असतो. उधळ्या पुत्राचा तोच दृष्टान्त शेकडो बोलींत नोंदविलेला असल्याने, माथ्यावरील या दोन-तीन ओळी पुसल्या गेल्या असत्या तर कित्येक नमुने कोठले, हे सांगणे अवघड झाले असते. डॉ. अमृत माधव घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तकमाला सिद्ध केली, तिच्यातही बोलीचे नाव आणि प्रदेश यांची सांगड ग्रंथाच्या शीर्षकापासूनच घातलेली दिसते.

आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी येणारी पुष्पिका हे याच प्रवृत्तीचे जुने रूप होय. ग्रंथ कोणता, लेखक कोण, लिहून घेणारा कोण, शक आणि तिथी कोणती, हे ती सांगते. उलट बाजूने महानुभावांच्या सकळ लिपीचे उदाहरण बोलके आहे. त्या लिपीतील पोथ्या शतकानुशतके भक्तिपूर्वक जतन झाल्या, तथापि लिपीची किल्ली पंथाबाहेर उपलब्ध नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इतर अभ्यासकांना त्या वाचता आल्या नाहीत. तेथे गुप्तता हेतुपुरस्सर होती. टिपेविना ठेवलेल्या डेटाबेसची गुप्तता ही केवळ हयगयीतून जन्मते.

आधुनिक काळात स्टीव्हन बर्ड आणि गॅरी सायमन्स यांनी २००३ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात भाषिक सामग्री काळाच्या ओघात वापरण्याजोगी राहावी म्हणून सात अंगांचा विचार मांडला : आशय, स्वरूप, शोध, उपलब्धता, संदर्भनिर्देश, जतन आणि हक्क. बॅकअप-प्रत यांपैकी 'जतन' या एका अंगाची तरतूद करते. उरलेल्या अंगांची माहिती बहुधा टिपेतच सामावते.

४. टिपांचे तीन प्रकार

डम्प-फाइलमध्ये आढळणाऱ्या टिपा एकाच जातीच्या नसतात. त्यांचे तीन प्रकार मानणे सोयीचे होईल.

(अ) पंक्तिटीप. एसक्यूएलमध्ये दोन आडव्या रेघा काढून त्यापुढे ओळीच्या शेवटापर्यंत जे लिहावे, ते यंत्र वाचत नाही. तिरकी रेघ आणि तारांकन यांच्या कंसात लिहिलेला मजकूरही तसाच वगळला जातो. ही निखळ अधिभाषा होय : ती संहितेविषयी बोलते, पण संहितेचा भाग नसते. आणि हेच तिचे दौर्बल्य आहे. प्रत डेटाबेसमध्ये भरताना यंत्र ती ओलांडून पुढे जाते. त्या डेटाबेसची पुढील प्रत काढली की तिच्यात ही टीप नसते. हाताने फाइल उघडून माथ्यावर लिहिलेले सविस्तर स्पष्टीकरण हे त्या एका फाइलपुरतेच आयुष्य घेऊन आलेले असते.

या प्रकारात मायएसक्यूएलच्या दोन लकबी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी की तेथे दोन रेघांनंतर मोकळी जागा सोडणे आवश्यक असते. कारण 'शिल्लक' मधून 'उणे देणे' वजा करावयाचे असल्यास दोन वजाबाकीची चिन्हे लागोपाठ येऊ शकतात आणि ती टिपेची खूण समजली गेल्यास हिशेबच बदलतो. दुसरी लकब अधिक विलक्षण आहे. तिरकी रेघ व तारांकन यांच्यापुढे उद्गारचिन्ह आणि आवृत्तीचा क्रमांक आला, तर कंसातील मजकूर टिपेचा वेश घेतलेली आज्ञा असतो. त्या किंवा त्यापुढील आवृत्तीचे मायएसक्यूएल तो अंमलात आणते. मायएसक्यूएल-डम्पच्या फाइलीत अशा ओळी विपुल असतात. 'निरुपयोगी टिपा' समजून त्या पुसून टाकणाऱ्याने वर्णसंचाची मांडणी करणारी वाक्येही पुसलेली असण्याचा संभव असतो, आणि मग देवनागरी मजकुराची जी दुर्दशा होते ती अनेकांच्या परिचयाची आहे.

(आ) वस्तुटीप. ही टीप फाइलमध्ये नव्हे, तर डेटाबेसच्या आतच, एखाद्या सारणीला किंवा स्तंभाला जोडून लिहिलेली असते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी 'कॉमेंट ऑन' ही स्वतंत्र आज्ञा आहे. एसक्यूएलच्या मानकात ती नाही, पण ओरॅकलसारख्या अन्य प्रणालींतही ती आढळते. आपल्या उदाहरणात आज्ञेचा आशय असा होईल : 'शब्दनोंद' सारणीच्या 'प्रतिसाद' या स्तंभावर टीप अशी की, 'निवेदकाने दिलेला शब्द, देवनागरीत उच्चारानुसारी लेखन. रिक्त घर : प्रश्न विचारला नाही. शून्य हे चिन्ह : विचारला, शब्द मिळाला नाही.' ही टीप प्रणालीच्या स्वतःच्या सूचीत साठविली जाते. डम्प काढला की पीजी-डम्प तिचे पुन्हा 'कॉमेंट ऑन' या आज्ञेत रूपांतर करून फाइलमध्ये लिहिते आणि प्रत भरली की टीप नव्या डेटाबेसमध्ये जागच्या जागी येऊन बसते. अधिभाषेतील विधान येथे मूळ भाषेचेच वाक्य बनले आहे, म्हणून ते टिकते.

मायएसक्यूएलमध्ये हीच सोय सारणीच्या व्याख्येतच 'कॉमेंट' हा शब्द घालून केलेली आहे. तेथे स्तंभावरील टिपेला १०२४ आणि सारणीवरील टिपेला २०४८ वर्णांची मर्यादा आहे. मर्यादा बाइटांची नसून वर्णांची असल्याने देवनागरीत टीप लिहिणाऱ्याचे त्यात नुकसान नाही. एसक्यूलाइट या लहान प्रणालीत वस्तुटिपेची आज्ञा नाही. मात्र ती प्रणाली सारणी निर्माण करणारे वाक्य त्याच्या मूळ शब्दांत साठवून ठेवते. म्हणून त्या वाक्याच्या आत, स्तंभाच्या नावाशेजारी लिहिलेली पंक्तिटीप डम्पमध्येही कायम राहते. वाक्यापूर्वी लिहिलेली मात्र राहत नाही.

(इ) प्रसंगटीप. ही प्रत कधी, कोठून, कोणत्या अवस्थेत काढली, हे सांगणारी टीप. पुष्पिकेशी तिचे नाते उघड आहे. उपकरणे तिचा काही अंश आपण होऊन लिहितात. मायएसक्यूएल-डम्प माथ्यावर यजमान संगणक, डेटाबेस आणि आवृत्ती यांची नावे लिहिते आणि शेवटी निर्यात पुरी झाल्याची तारीख देते. दोन प्रतींची तुलना करताना केवळ तारखेमुळे त्या भिन्न भासू नयेत, म्हणून ही तारीख वगळण्याचाही पर्याय तेथे आहे. पीजी-डम्प साध्या फाइलीच्या माथ्यावर मूळ डेटाबेसची आणि स्वतःची आवृत्ती नोंदविते, परंतु निर्यातीची वेळ सविस्तर लेखनाचा पर्याय निवडल्यासच लिहिते. फाइलवर संगणकाने घातलेली तारीख नक्कल करताना बदलू शकते. तेव्हा तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

५. टीप गळून पडण्याच्या जागा

वस्तुटीप टिकाऊ असली तरी अक्षय नाही. पुढील प्रसंगी ती नाहीशी होते, आणि होताना कोणतीही सूचना मिळत नाही.

पहिला प्रसंग, केवळ सामग्रीच्या निर्यातीचा. सारण्यांच्या व्याख्या वगळून फक्त ओळी निर्यात करण्याचा पर्याय निवडला, तर व्याख्येशी जोडलेल्या टिपाही वगळल्या जातात. दोन्ही प्रणालींना हे लागू आहे.

दुसरा, संपूर्ण डेटाबेसवरील टिपेचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सारण्यांप्रमाणेच सबंध डेटाबेसलाही टीप जोडता येते, आणि प्रकल्पाची सर्वसाधारण ओळख तेथे लिहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अलीकडच्या आवृत्त्यांत ही टीप डम्पमध्ये येण्यासाठी डेटाबेस निर्माण करण्याची आज्ञाही फाइलमध्ये घालावी असा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्यास सारण्यांच्या टिपा येतात आणि सर्वांत महत्त्वाची टीप मागे राहते. यास्तव प्रकल्पाची ओळख एखाद्या मुख्य सारणीच्या टिपेतही द्यावी, हे बरे.

तिसरा, सारणीतील फेरफारांचा. मायएसक्यूएलमध्ये स्तंभाची व्याख्या बदलताना ती संपूर्ण नव्याने लिहावी लागते. टीप पुन्हा लिहिली नाही तर ती जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रश्नाच्या उत्तरातून नवी सारणी निर्माण केल्यास स्तंभ येतात, टिपा येत नाहीत. जुन्या सारणीच्या नमुन्यावर नवी सारणी बेतण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात टिपांचा समावेश करावा असे स्पष्ट लिहिले तर स्तंभांच्या टिपा येतात.

चौथा प्रसंग सर्वांत वारंवार घडणारा, म्हणजे सीएसव्ही फाइलीचा. स्वल्पविरामांनी घरे वेगळी करणारी ही फाइल प्रत्येक कोष्टक-प्रणालीत उघडते, म्हणून लोकप्रिय आहे. तिचे स्वरूप वर्णन करणाऱ्या आरएफसी ४१८० या २००५ सालच्या दस्तऐवजात टिपेसाठी कोणतीच खूण ठरविलेली नाही. पहिल्या ओळीत स्तंभांची नावे देता येतात, इतकेच. तिच्या माथ्यावर कोणी स्पष्टीकरण लिहिलेच, तर वाचणारी आज्ञावली त्यालाच सामग्रीची ओळ समजण्याचा संभव असतो. येथे टीप शेजारच्या स्वतंत्र फाइलीतच ठेवावी लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २०१५ मध्ये अशा सारणीरूप फाइलींसोबत वर्णनाची फाइल कशी असावी, याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत. मात्र दोन फाइली म्हटल्या की त्यांची ताटातूट होण्याची भीती आली. म्हणून सीएसव्ही फाइल ही देवघेवीची प्रत मानावी. जतनाची प्रत म्हणून पूर्ण डम्पच ठेवावा.

६. टिपेत काय लिहावे

स्तंभाचे नाव 'गाव' असताना 'गावाचे नाव' अशी टीप लिहिण्यात काही हशील नाही. जे सामग्रीवरून पुन्हा शोधून काढता येणार नाही, तेच टिपेत लिहावे. स्तंभाच्या टिपेत निदान चार गोष्टी असाव्यात : आशयाची व्याख्या, परिमाण किंवा लेखनाची रीत, रिक्त घराचा अर्थ, आणि माहितीचा उगम, म्हणजे ती निवेदकाने सांगितली की संशोधकाने अनुमानाने भरली. मराठी मजकूर असलेल्या स्तंभाबाबत अर्धा र, ॲ आणि अनुस्वार यांच्या लेखनाविषयी एक वाक्य अवश्य असावे. 'लिंग' या स्तंभात व्याकरणिक लिंग अभिप्रेत आहे की निवेदकाचे, हे आपणांस स्वयंस्पष्ट वाटते. परक्यास ते तसे नसते.

संकेतांकांचे अर्थ मात्र टिपेत न देता स्वतंत्र सारणीत द्यावेत आणि मूळ स्तंभ त्या सारणीशी जोडावा. असे केल्याने अर्थ हा स्वतःच सामग्री बनतो. तो प्रत्येक प्रकारच्या निर्यातीत येतो आणि अर्थ न दिलेला आकडा नोंदविण्यास प्रणालीच प्रतिबंध करते. प्रसंगटिपेलाही हाच उपाय लागू पडतो. 'निर्यातवृत्त' अशी एक लहान सारणी ठेवावी आणि प्रत काढण्यापूर्वी तिच्यात एक ओळ भरावी : दिनांक, प्रत काढणारा, तोवर तपासून झालेली गावे, प्रत्येक सारणीतील ओळींची संख्या, प्रलंबित दुरुस्त्या. प्रतींचा इतिहास मग प्रतीतच राहतो. फाइल उघडताच तो दिसावा असे वाटल्यास त्याच ओळी पंक्तिटिपेच्या रूपाने माथ्यावर जोडण्याचे काम एखाद्या लहान आज्ञावलीकडे सोपवावे. मात्र प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन रेघा आणि मोकळी जागा असली पाहिजे; एखाद्या ओळीत त्या राहून गेल्यास यंत्र तिला आज्ञा समजेल आणि अडेल. पीजी-डम्पच्या सांकेतिक, म्हणजे साध्या संपादकात न उघडणाऱ्या प्रकारच्या प्रतीत असा मजकूर हाताने घालता येत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

टिपेत काय लिहू नये, याचाही विचार आवश्यक आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टिपा वाचण्यावर निर्बंध घालण्याची सोय नाही. डेटाबेसशी जोडला गेलेला कोणीही वापरकर्ता त्यातील सर्व टिपा पाहू शकतो, आणि गोपनीय मजकूर त्यांत लिहू नये असा इशारा त्या प्रणालीच्या माहितीपुस्तकातच दिलेला आहे. निवेदकांची खरी नावे, त्यांचे पत्ते, त्यांना दिलेली टोपणनावे उलगडणारी यादी यांना टिपेत स्थान नाही. प्रत बाहेर देताना सर्वच टिपा वगळण्याचा 'नो-कॉमेंट्स' हा पर्याय पीजी-डम्पमध्ये २०१८ सालच्या ११ व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. पण गोपनीय माहितीच्या भीतीने तो वापरावा लागणे म्हणजे टीप मुळातच चुकीच्या जागी लिहिली गेल्याची कबुली होय.

टिपेची भाषा कोणती असावी, असा प्रश्न विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. यूटीएफ-८ मधील डेटाबेसला देवनागरी टिपेचे वावडे नाही. सामग्री मराठी बोलींची असेल, तर व्याख्याही मराठीत देणे अधिक नेमके ठरते, कारण व्याकरणाच्या आपल्या कित्येक संज्ञांना इंग्रजीत काटेकोर प्रतिशब्द नाहीत. सामग्री परभाषिक अभ्यासकांपर्यंत जाणार असेल, तर त्याच टिपेत इंग्रजी अनुवाद जोडण्यास जागा पुरते. दोन वेगळ्या फाइलींत दोन भाषांतील वर्णने ठेवली, तर कालांतराने त्यांतील एक मागे पडते.

७. पडताळणी

टीप लिहिली म्हणून ती प्रतीत आली, असे गृहीत धरता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच : काढलेली प्रत एका कोऱ्या डेटाबेसमध्ये भरून पाहणे. सामग्रीची पडताळणी करण्यासाठीही हाच मार्ग अवलंबिला जातो. त्याच वेळी टिपांचीही मोजदाद करावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सारणीचे सविस्तर वर्णन मागविल्यास स्तंभांसमोर टिपा दिसतात. मायएसक्यूएलमध्ये 'इन्फर्मेशन स्कीमा' या अंतर्गत सूचीत त्या सापडतात. टीप नसलेल्या स्तंभांची यादी काढणारा एक छोटा प्रश्न लिहून ठेवावा आणि ती यादी कोरी येईपर्यंत प्रबंधाची सामग्री पूर्ण झाली असे मानू नये.

याहून कठोर अशी एक कसोटी आहे, आणि तिला यंत्राची गरज नाही. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहाध्यायाच्या हाती नुसती प्रत द्यावी आणि तिच्यातील कोणतीही पाच घरे निवडून त्यांचा अर्थ त्याला सांगावयास लावावा. तो जेथे अडखळेल, तेथे टीप उणी आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचे, मायएसक्यूएलचे वा युनिकोडचे नियम पुढे बदलतील आणि त्यांनुसार वरील तपशिलांतही फरक पडेल. बोलीचा जो वृद्ध निवेदक आज उत्तर देत आहे, त्याला दहा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईलच असे नाही. त्याच्या गावासमोरील रिक्त घराचा अर्थ, तो ज्याला माहीत आहे त्यानेच आणि माहीत आहे तोवरच लिहून ठेवावयास हवा.